दात हलतोय? कारण शोधा, वेळ घालवू नका



"वय झालं, आता दात हलणारच." हे वाक्य आपल्या वस्त्यांत साठीतल्या आजीपेक्षा पस्तीस-चाळिशीतल्या बाईच्या तोंडून जास्त ऐकू येते. धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी, नाक्यावर उभी राहणारी ही बाई भाकरी चहात बुडवून खाते, शेंगदाणे कुटून घेते आणि हसताना पदर तोंडावर धरते. पुरुषांचे वेगळे नाही. दात हलू लागला की ते आधी जीभ लावून हलवत बसतात, मग बोटाने हलवतात आणि एक दिवस स्वतःच उपटून टाकतात. डॉक्टरकडे जायचे असते ते फक्त दुखल्यावर, अशी आपली समजूत. पण दात हलण्याच्या आजारात दुखणे बहुधा शेवटी येते, आणि तोवर बरेच काही गेलेले असते.

म्हणून पहिली गोष्ट ठामपणे सांगते. निरोगी हिरडीतला दात नुसत्या वयाने हलत नाही. पंचाहत्तरीतही पक्के दात असणारी माणसे आहेत. कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर केले की परिणाम थांबवता येतो, ही तर आपल्या धम्माची पहिली शिकवण. दाताच्या बाबतीतही नशीब आणि वय बाजूला ठेवून कारण शोधायला हवे.

दात कशाच्या आधाराने उभा असतो

दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ हाडाच्या खोबणीत असते आणि मूळ व हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांचा थर असतो. हे धागे दाताला चहूबाजूंनी धरून ठेवतात आणि चावताना बसणारा दाब झेलतात. वरून हिरडी घट्ट कॉलरसारखी बसलेली असते. हाड, धागे आणि हिरडी, या तिघांपैकी एकाला इजा झाली की दात हलायला लागतो. म्हणजे बहुतेक वेळा दात स्वतः चांगला असतो, त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते. म्हणूनच कीड नसलेला, पांढराशुभ्र दातही हलून पडू शकतो.

सर्वांत मोठे कारण: हिरड्यांचा आजार

आपण ज्याला पायरिया म्हणतो तो हाच. जेवल्यानंतर दातांवर जंतूंचा चिकट, मऊ थर बसतो. नखाने खरवडला तर पांढरट दिसतो. ब्रशने तो निघतो. पण तो तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत दगडासारखा कडक होतो. त्याला किटण म्हणतात. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून पाहा, खरखरीत लागले तर ते किटण आहे. ते ब्रशने, राखुंडीने, मिठाने, कशानेही घरी निघत नाही.

किटणावर आणखी जंतू बसतात आणि हिरडी सुजते. ती लाल, फुगीर होते, ब्रश करताना किंवा पेरू खाताना रक्त येते. ही पहिली पायरी. इथे उपचार केले तर हिरडी पूर्ण बरी होते, काहीही नुकसान राहत नाही. पण आपल्याकडे रक्त दिसले की बाई ब्रश करणेच बंद करते आणि बोटाने मंजन लावते. त्यामुळे थर आणखी वाढतो.

दुसऱ्या पायरीत सूज खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. त्यात अन्न आणि जंतू साठतात, पस होतो, तोंडाला वास येतो. आतले हाड हळूहळू झिजते. दात लांब दिसू लागतात, फटी पडतात, पुढचे दात पंख्यासारखे पसरतात. मग दात हलू लागतो. हे सगळे व्हायला बहुतेकांना कित्येक वर्षे लागतात. म्हणजे थांबवण्याची संधी आपल्याला अनेकदा मिळत असते.

मशेरी: घराघरातली गोष्ट

२०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी साधारण चारातला एक तंबाखू वापरणारा निघाला, आणि त्यातले बहुतेक विडी-सिगारेटवाले नव्हते. तंबाखू-चुना, गुटखा, मावा आणि मशेरीवाले होते. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून मनाई आहे. पण मशेरी कुठल्या कंपनीची नसते. ती आपल्याच तव्यावर भाजली जाते. तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि डबीत भरायची. भाजतानाचा धूर त्याच खोलीतली मुलेही घेतात.

"मशेरीने दात घट्ट होतात" असे सांगणाऱ्या बायका खोटे बोलत नाहीत, त्यांना खरेच तसे वाटते. कारण समजून घ्या. तंबाखूतल्या निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रक्त कमी येते, सूज कमी दिसते. आजार झाकला जातो, पण आतले हाड झिजतच राहते. शिवाय रक्तपुरवठा कमी झाल्यामुळे हिरडी लवकर बरी होत नाही, उपचारांचाही परिणाम कमी होतो. धोक्याची घंटा बंद केल्याने आग विझत नाही, तसे हे आहे.

ही सवय लागते कशी, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर सगळा दोष बाईवरच येतो. पहाटे चारला नळाला पाणी, सहाला पहिले काम, दुपारपर्यंत पोटात काही नाही. मशेरी लावली की भूक मरते. गटारावर, कचऱ्यावर काम करणारे आपले भाऊ वास सहन व्हावा म्हणून तंबाखू धरतात. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहायचे म्हणून "मशेरीशिवाय पोट साफ होत नाही" हीसुद्धा खरीच अडचण असते, कारण निकोटिन आतड्यांना चालना देते. जातीने आपल्या माथी मारलेल्या कामांतून ही सवय आली आहे. पण ती आपल्या मुलींच्या हाती द्यायची की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे.

साखर, गरोदरपण आणि गोळ्या

मधुमेह आणि हिरड्या यांचे नाते दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते आणि हिरड्यांचा आजार जोरात वाढतो. उलट हिरड्यांत कायम सूज असली की साखर आटोक्यात येणे अवघड जाते. बाबासाहेबांनाही आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाने जर्जर केले होते, हे आपण जाणतो. थोड्या काळात तीन-चार दात हलू लागले, हिरडीत वारंवार पस होऊ लागला, तर दाताच्या डॉक्टरबरोबरच रक्तातली साखरही तपासून घ्या. अनेकांचा मधुमेह असाच दातावरून सापडतो.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, रक्त येते, एखादा दात किंचित हलल्यासारखा वाटतो. "एक मूल, एक दात" अशी म्हणच पडली आहे. पण बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेत नाही. स्वच्छता ठेवली तर बाळंतपणानंतर हिरड्या पूर्ववत होतात. दातांचे उपचार गरोदरपणातही करता येतात. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा. फक्त गरोदर असल्याचे डॉक्टरांना आधी सांगा.

फिटच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी काहींच्या हिरड्या फुगतात. तसे वाटले तर गोळी स्वतःहून बंद करू नका, चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना दाखवा. झोपेत दात करकर खाणाऱ्यांचेही दात जास्तीच्या दाबाने हलू शकतात.

मार लागून हललेला दात

सेंट्रिंगच्या कामावर, गाडीवरून पडून, आणि घरातल्या माराने. शेवटचे कारण केसपेपरवर "बाथरूममध्ये पडले" असे लिहिले जाते. नर्स म्हणून काम करताना ही वाक्ये मी इतकी ऐकली आहेत की पुढचे दोन दात हललेले आणि ओठ आतून फाटलेला दिसला की मी बाईला पडद्यामागे नेऊन विचारते. भगिनींनो, डॉक्टरांना खरे सांगा. त्याची नोंद होते आणि ती पुढे तुमच्या उपयोगी पडते. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे.

माराने हललेला दात बहुतेकदा वाचतो. तो हलवून पाहू नका, त्याने चावू नका आणि त्याच दिवशी दाखवा. डॉक्टर शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून साधारण दोन आठवडे आधार देतात. मोठ्या माणसाचा दात मुळासकट बाहेर आला असेल तर मूळ न धरता वरचा पांढरा भाग धरून उचला, घासू नका, कपभर दुधात ठेवा आणि तासाभरात दवाखाना गाठा. तो पुन्हा बसवता येण्याची शक्यता असते.

हे दिसले तर थांबू नका

हा भाग नीट वाचा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा. हलणारा दात कधीकधी तोंडाच्या कर्करोगाची खूण असतो. पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर लगेच तपासणी करा:

- आजूबाजूची हिरडी बरी असताना एकच दात अचानक हलू लागला
- तोंडातली जखम किंवा चट्टा पंधरा दिवसांत भरला नाही
- गालाच्या आत, जिभेवर किंवा हिरडीवर पांढरा वा लाल डाग
- दात काढल्यावर खड्डा भरत नाही, तिथे मांस वाढते आहे
- ओठ किंवा हनुवटी बधिर वाटते
- मानेत गाठ लागते
- तोंड उघडल्यावर आपलीच तीन बोटे उभी आत जात नाहीत

शेवटचे लक्षण सुपारी आणि गुटख्याने होते आणि तरुण मुलांमध्येही दिसते. तंबाखू खाणाऱ्या माणसाचा दात हलतो म्हणून तो उपटून टाकायचा आणि जखम भरत नाही म्हणून महिनोन्‌महिने मलम लावत बसायचे, यात आपली कितीतरी माणसे गेली. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. उशीर झाला की जबडा काढावा लागतो आणि तरीही खात्री नसते.

उपचार काय असतात

डॉक्टर आधी दात किती हलतो ते पाहतात. किंचित हलत असेल तर वाचण्याची शक्यता चांगली. वर-खाली दाबला जाऊ लागला तर तो सहसा काढावा लागतो. एक्स-रेवरून हाड किती उरले आहे ते कळते.

पहिला उपचार म्हणजे यंत्राने किटण काढणे, ज्याला स्केलिंग म्हणतात. खिसे खोल असतील तर भूल देऊन हिरडीखालचे मूळही साफ करतात. पुष्कळांना एवढ्यानेच आराम पडतो. हिरडी आवळते आणि थोडे हलणारे दात बऱ्यापैकी घट्ट होतात. आजार खोलवर असेल तर हिरडी उघडून आतून स्वच्छ करण्याची छोटी शस्त्रक्रिया असते. हलणारे दात एकमेकांना बांधूनही ठेवतात. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: झिजलेले हाड पुरते परत येत नाही. उपचाराने आजार थांबतो आणि उरलेले वाचते. म्हणून लवकर जाण्याला महत्त्व आहे.

नुसत्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. मेडिकलमधून घेतलेल्या अँटिबायोटिकने चार दिवस पस थांबतो, किटण तिथेच राहते, पस पुन्हा येतो. दुखणारी गोळी हिरडीवर दाबून धरू नका, तिथली कातडी भाजते.

दात काढलाच तर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा, चोवीस तास जोरात चूळ भरू नका आणि तंबाखू तर अजिबात नको. मधुमेहींनी सकाळी नाश्ता आणि गोळी घेऊनच जावे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगावे. रस्त्यावर बसून पाच मिनिटांत दात बसवून देणाऱ्यांपासून लांब राहा. ते प्लास्टिकचा मसाला शेजारच्या चांगल्या दातांवर आणि हिरडीवर थापतात. त्याखाली घाण कुजते आणि ते चांगले दातही हलू लागतात. डॉक्टरांनी दिलेली कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची असते.

तीन गैरसमज

*"दात साफ केले की दात हलतात."* किटणाचा दगड दातांना चिकटून त्यांना एकत्र धरून असतो. तो काढला की आधीच झालेली फट उघडी पडते, काही दिवस दात सैल वाटतात, गार पाणी झोंबते. नुकसान किटणाने केलेले असते, नाव मात्र सफाईचे होते.

*"वरचा दात काढला की नजर जाते."* दाताच्या नसा वेगळ्या आणि डोळ्याची नस वेगळी. दात काढल्याने नजर कमी होत नाही.

*"राखुंडीने, विटेच्या पुडीने दात पक्के होतात."* त्याने दात घासले जातात, वरचे कवच झिजते आणि हिरडी सोलवटते.

कुठे जायचे

मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे खासगीपेक्षा फारच कमी शुल्क लागते. जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. कर्करोगाचा संशय असेल तर परळचे टाटा रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. रांग असते, एक रोजंदारी बुडते, हे मला माहीत आहे. पण दोन-तीन जणी मिळून गेल्या तर एकीने केसपेपर काढता येतो, दुसरीने मुले सांभाळता येतात. ही आपल्या हक्काची सेवा आहे, कोणाचे उपकार नाहीत.

घरी काय करायचे

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. भिक्खू दातवण करीत नसत, त्यांच्या तोंडाला वास येऊ लागला. तेव्हा तथागतांनी दातवण न करण्याचे पाच तोटे सांगितले. त्यांत तोंडाची दुर्गंधी आणि अन्नाची गोडी न लागणे हेही होते. त्यांनी दातवणाला परवानगी दिली. इतकेच नव्हे, काडी आठ बोटांहून लांब आणि चार बोटांहून आखूड नसावी, असा नियमही घालून दिला. अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या गुरूने ज्याकडे इतक्या बारकाईने पाहिले, ते आपण किरकोळ का समजावे?

मऊ ब्रश घ्या, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरपा धरून दोन मिनिटे हळू फिरवा, आतल्या बाजूनेही. सकाळी आणि रात्री झोपताना. रात्रीचा ब्रश जास्त महत्त्वाचा. एक तांब्या पाणी पुरते. प्रत्येकाचा ब्रश वेगळा असावा आणि साधारण तीन महिन्यांनी बदलावा. रक्त आले तरी ब्रश थांबवू नका, हळू करा आणि डॉक्टरांना दाखवा. हिरडी सुजली तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. त्याने आराम पडतो, पण तो उपचार नव्हे. महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून तोंड आतून पाहा.

मशेरी-तंबाखू सोडायची तर दिवस ठरवा आणि डबी घराबाहेर काढा. पहिला आठवडा जड जातो, डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, भाकरी आणि थोडे चालणे याने पोट रुळावर येते. तलफ आली की बडीशेप तोंडात टाका, दहा मिनिटे दुसऱ्या कामात जा, ती ओसरते. १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. जिल्हा रुग्णालयातही समुपदेशन मिळते.

विहारातून सुरुवात करू

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्या प्रतिज्ञेने आपली हजारो घरे सावरली. पण पंचशील घेताना हात जोडणाऱ्या कितीतरी जणींच्या कमरेला मशेरीची डबी असते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पाचवे शील मादक पदार्थांविषयी आहे. तंबाखूही माणसाला आपल्या ताब्यात ठेवते, मग तिला सूट का?

येत्या वर्षावासात, विहारात ग्रंथवाचन सुरू असताना, प्रत्येक महिला मंडळाने तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. एका रविवारी आरसा आणि टॉर्च घेऊन एकमेकींचे तोंड तपासावे आणि वरची सात लक्षणे मोठ्याने वाचावीत. जवळच्या दंत महाविद्यालयाला पत्र देऊन वस्तीत तपासणी शिबिर मागावे. आणि आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने मशेरी-तंबाखू न लावण्याचा संकल्प सर्वांनी मिळून करावा. एकटीने सोडणे अवघड, दहा जणींनी सोडणे सोपे जाते.

ज्यांचे दात आज हलत आहेत त्यांनी हा अंक बाजूला ठेवल्यावर पुढच्या आठवड्यातला एक दिवस ठरवावा आणि ओपीडी गाठावी. दुखेपर्यंत थांबू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!